काठीच्या शेंड्यापुरता उजेड

नारळी पौर्णिमा झाली आणि दर्याचा जोर ओसरला की कोकणातल्या खाड्यांवर, बंदरांच्या धक्क्यांवर आणि मुंबईच्या किनाऱ्यावरील कातळांवर रात्री गरवायला बसणाऱ्यांची गर्दी वाढू लागते. पूर्वी तंगूस हातातच धरलेला असे, त्यामुळे मासा लागला की आधी बोटाला कळे. आता रीळ लावलेली लांब काठी आली. ती स्टँडवर किंवा दगडांच्या फटीत उभी करायची आणि शेंड्याची थरथर बघत बसायचे. दिवसा हे सोपे असते. पण अमावास्येच्या आसपास दहा-बारा फुटांवरचा, पेन्सिलीहून बारीक शेंडा दिसणार कसा? बहुतेकांचे उत्तर असते, आणखी मोठी टॉर्च. हे उत्तर चुकीचे आहे. त्याने हातचा मासा जातोच, पण ओल्या, शेवाळलेल्या कातळावर माणसाचा पायही जाऊ शकतो.

कारण आपल्या डोळ्यांच्या रचनेत आहे. दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी सुमारे ६० लाख. त्या भरपूर उजेडात काम करतात आणि रंग व बारकावे दाखवतात. दंडपेशी सुमारे १२ कोटी. अंधुक उजेडातली नजर त्यांची. या दंडपेशींत ‘रोडॉप्सिन’ नावाचे रंगद्रव्य असते. प्रखर उजेडात ते क्षणात विघटित होते आणि अंधारात सावकाश पुन्हा तयार होते. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणजे दर पाच मिनिटांनी शेंड्यावर पांढरा झोत मारणारा माणूस रात्रभर अर्धवट आंधळाच बसलेला असतो. झोत बंद केल्यावर त्याला शेंडा तर दिसत नाहीच, पायाजवळची फट आणि चढत आलेली भरतीही दिसत नाही. शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांवर झोत गेला, तर त्याचीही तीच गत.

म्हणून रात्रीच्या मासेमारीत शेंड्यापुरताच, मंद आणि सतत राहणारा उजेड हवा. त्याचा रंगही विचारपूर्वक निवडावा. दंडपेशी सर्वाधिक संवेदनशील असतात त्या ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या, निळसर हिरव्या प्रकाशाला. लाल प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवतच नाही. तिन्हीसांजेला लाल जास्वंद काळपट दिसू लागते, पण पाने अजून उजळ वाटतात, ते यामुळेच. यातून एक सोपा नियम निघतो: शेंड्यावर हिरवा ठिपका, डोक्यावर मंद लाल दिवा. हिरवा अगदी थोडा असला तरी पुरतो, आणि गरीला आमिष लावताना लाल दिवा पेटवला तरी अंधाराला सरावलेली नजर फारशी बिघडत नाही. मात्र लाल दिवाही मंद हवा. प्रखर लाल झोत नजर बिघडवतोच.

अंधारात आणखी दोन गोष्टी फसवतात. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात. त्यामुळे अंधुक वस्तूकडे थेट रोखून पाहिले की ती नाहीशी होते आणि किंचित बाजूला पाहिले की दिसते. दुसरी फसवणूक अधिक मजेशीर आहे. संपूर्ण अंधारात एकाच स्थिर प्रकाशबिंदूकडे टक लावून पाहिले, तर थोड्या वेळाने तो बिंदू हलू लागल्याचा भास होतो. रात्री विमान चालवणाऱ्यांना या भासाबद्दल मुद्दाम शिकवले जाते. गरवायला बसलेल्याला याचा अनुभव वेगळ्या रूपात येतो: शेंडा हलला म्हणून झटका मारावा आणि गरीला आमिष जसेच्या तसे. उपाय सोपा आहे. काठीवर एकाऐवजी दोन खुणा कराव्यात, एक शेंड्यावर आणि दुसरी त्याखाली फूट-दीड फुटावर. मासा ओढतो तेव्हा वरची खूण खालच्या खुणेच्या तुलनेत झुकते. अशी तुलना करायला मिळाली की डोळा सहसा चुकत नाही.

या खुणांसाठी बाजारात महागड्या वस्तू आहेत, पण सुरुवात सर्वांत स्वस्त गोष्टीने करावी. शेवटच्या सहा-आठ इंचांना पांढरा रंग दिला तर चांदण्या रात्री तेवढेही पुरते. त्याहून चांगली ती नंबर प्लेटच्या दुकानात मिळणारी, ट्रॉलीच्या मागे लावतात तशी ‘रेडियम’ची पट्टी. नावाला घाबरू नये, तिच्यात रेडियम नसते. एकेकाळी घड्याळांच्या तबकड्या खरोखरच रेडियमच्या रंगाने रंगवत, आणि १९२०च्या दशकात अमेरिकेत ते काम करणाऱ्या तरुणी त्या किरणोत्साराने आजारी पडून दगावल्या. आजच्या पट्टीत असतात काचेचे सूक्ष्म मणी किंवा प्लॅस्टिकचे लोलक. ते प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. म्हणूनच कपाळावरच्या मंद दिव्यानेही पट्टी लखलखते, कारण परतणारा प्रकाश थेट डोळ्यांपाशी येतो. दिवा जमिनीवर ठेवला तर हा फायदा मिळत नाही. पट्टी कड्यांच्या मधल्या जागेत, तंगूस अडकणार नाही अशी गुंडाळावी.

यानंतर येते ती मोडून पेटवायची ग्लो स्टिक. काठीसाठी मिळते ती दीडेक इंचाची, आगपेटीच्या काडीपेक्षा जरा जाड. तिच्यात एक द्रव बाहेरच्या प्लॅस्टिकच्या नळीत आणि दुसरा आतल्या काचेच्या कुपीत असतो. वाकवले की कुपी फुटते, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्झलेट वर्गातले संयुग एकत्र येतात आणि त्या क्रियेतली ऊर्जा रंगद्रव्यामार्फत थंड प्रकाश होऊन बाहेर पडते. हवा गरम असेल तर ती अधिक उजळ पेटते, पण लवकर विझते. ती सतत मंद तेवत राहते, म्हणून या कामाला उत्तम. मात्र ती दातांनी चावून पेटवू नये. आतला द्रव डोळ्यांची आणि तोंडाची आग करतो, शिवाय त्यात काचेचे बारीक तुकडे असतात. डोळ्यात गेलाच तर न चोळता स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे.

विझलेली नळी पाण्यात भिरकावण्याची सवय मात्र अक्षम्य आहे. तिचे प्लॅस्टिक तसेच राहते आणि आतला द्रवही. ब्राझीलच्या बाहिया राज्यात मासेमारी जहाजांनी टाकलेल्या अशा नळ्या किनाऱ्याला लागत आणि तिथले काही लोक त्यातला द्रव अंगाला चोळायचे तेल समजून वापरत असल्याचे आढळले होते. आपल्या किनाऱ्यावरही सकाळी वाळूत खेळणारी मुले रंगीत नळ्या वेचतातच.

एलईडीचे छोटे दिवे पुन्हा पुन्हा वापरता येतात, त्यामुळे कचरा कमी होतो. पण त्यांत बटणासारखे किंवा टाचणीसारखे बारीक सेल असतात, आणि धोका घरी असतो. लहान मुलाने बटण सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठावे. गळाच्या पेटीला कुलूप असावे, ते केवळ गरी टोचू नये म्हणून नव्हे. आणि ज्याला यातले काहीच नको, त्याने शेंड्याला घुंगरू बांधावे. वारा नसेल तर कान डोळ्यांइतकेच भरवशाचे.

या साऱ्यात एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. गेल्या वर्षी दिसणारा शेंडा यंदा दिसत नसेल, शेजाऱ्याला दिसतो आणि आपल्याला नाही असे होत असेल, तर मोठा दिवा घेण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. वय वाढते तशी बाहुली अंधारात पुरेशी उघडत नाही आणि नेत्रभिंग पिवळट होते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. इतके स्वाभाविक आहे. पण रात्रीची नजर झपाट्याने कमी होणे हे मोतीबिंदूचे, मधुमेहाने पडद्यावर झालेल्या परिणामाचे, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोसासारख्या आनुवंशिक आजाराचे लक्षण असू शकते. काहींना केवळ अंधारातच दूरचे धूसर दिसते आणि त्यांना चष्म्याचा थोडा नंबर लागतो. काठीचा शेंडा ही अशा वेळी फुकटची नेत्रतपासणी ठरते. तिचा निकाल मनावर घ्यायला हवा.

कातळावरून ये-जा करताना मात्र उजेडाची कंजुषी नको. तेव्हा पांढरा दिवा पायाखाली धरावा, आणि तो विझवल्यावर नजर सरावेपर्यंत जागचे हलू नये. बसायची जागा दिवसाउजेडी पाहून ठेवावी, भरतीची वेळ आधी माहीत करून घ्यावी, एकट्याने जाऊ नये. गळ-काठ्या विकणाऱ्या दुकानदारांनी ग्लो स्टिकच्या पाकिटासोबत दोन वाक्यांची मराठी सूचना द्यावी आणि विझलेल्या नळ्या परत घेण्यासाठी दुकानात एक डबा ठेवावा. याला ना कायदा लागतो ना अनुदान. खाडीवर बसणाऱ्यांनी तेवढा आग्रह धरला तरी येत्या हंगामात हे होऊ शकेल.