निरोप वाडीपर्यंत पोचावा म्हणून



२०२२ साली ३१ ऑगस्टला गणेशचतुर्थी होती. हा लेख लिहिला तेव्हा गणपतीला जेमतेम दोन आठवडे उरले होते. त्याआधीचे दोन उत्सव निर्बंधांत गेले. त्या वर्षी शासनाने ते निर्बंध उठवले असल्याने मुंबई-पुण्याचे चाकरमानी मोठ्या संख्येने कोकणात उतरणार होते, बंद घरांची दारे उघडणार होती आणि आजी-आजोबांच्या भोवती नातवंडांचा गराडा पडणार होता. हा आनंद निर्धास्तपणे अनुभवता यावा, यासाठी एक काम त्याआधी उरकावयाचे होते. ते म्हणजे करोना प्रतिबंधक लशीची वर्धक मात्रा घेणे. सरकारी भाषेत तिला ‘प्रिकॉशन डोस’ म्हणत. वाडीवस्तीत ‘बूस्टर’ किंवा ‘तिसरा डोस’ म्हणत. नावे तीन असली तरी मात्रा एकच आहे.

या विषयावर लिहिताना प्रथम स्वतःची चूक सांगणे मला भाग आहे.

माझी आत्या देवरुखच्या पुढे एका वाडीत राहते. वय ७८, मधुमेह जुना. २०२१ च्या मार्चमध्ये ज्येष्ठांचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा तिची नोंदणी मीच केली आणि तिच्याकडे भ्रमणध्वनी नसल्याने क्रमांक माझा दिला. एप्रिलअखेर तिची दुसरी मात्रा झाली. तिच्या वर्धक मात्रेची वेळ झाल्याचा संदेश २०२२ च्या जानेवारीच्या शेवटी आला, परंतु तो माझ्या भ्रमणध्वनीवर. बँकेच्या आणि वीजबिलाच्या संदेशांच्या गर्दीत तो मी पाहिलाच नाही. निरोप माझ्या खिशात पडून राहिला आणि ज्या व्यक्तीसाठी तो होता, ती पन्नासेक किलोमीटरवर निश्चिंत होती. जुलैमध्ये तिला करोना झाला. पाच दिवस रुग्णालयात काढून ती घरी आली. आता बरी आहे. वर्धक मात्रा घेतली असती तर आजार झालाच नसता, असे मी म्हणणार नाही. परंतु तिला मिळावयास हवे असलेले संरक्षण सहा महिने माझ्या निष्काळजीपणामुळे मिळाले नाही, हे खरे आहे.

तिला विचारले, “आत्या, तू तरी कोणाला विचारलं का नाहीस?” तिने देवघराच्या फळीवरून प्लॅस्टिकच्या वेष्टनात जपून ठेवलेले प्रमाणपत्र काढून माझ्यापुढे धरले. “अरे, शेजारच्या मुलीने वाचून दाखवलंन ना! फायनल सर्टिफिकेट आहे म्हणाली. फायनल म्हणजे संपलं की!”

तिचे काय चुकले? दुसऱ्या मात्रेनंतरच्या प्रमाणपत्रावर ‘फायनल’ हाच शब्द छापलेला आहे. तो छापला गेला तेव्हा तिसऱ्या मात्रेचा निर्णय व्हावयाचा होता. नंतर नियम बदलला, पण फळीवरचा कागद बदलला नाही. आपल्या घरातील ज्येष्ठांच्या मनातही हाच समज असण्याचा पुष्कळ संभव आहे.

आता, दोन मात्रा घेतल्यावर तिसरी कशासाठी, हा प्रश्न पाहू. आपल्याकडे दर वर्षी मृगापूर्वी घर शाकारतात, कौले परततात. गेल्या वर्षी शाकारले होते म्हणून यंदा घर गळणार नाही, असे कोकणात कोणी म्हणत नाही. लशीचेही काहीसे तसेच आहे. लस घेतल्यावर शरीरात विषाणूला अडविणारी प्रतिपिंडे तयार होतात. पुढील काही महिन्यांत त्यांचे प्रमाण ओसरत जाते. शत्रूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी शिल्लक राहतात, पण उतारवयात त्यांना जागे होण्यास वेळ लागतो. त्यातच विषाणू रूप बदलतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आढळलेला ओमायक्रॉन हा प्रकार आधीच्या प्रतिपिंडांना बऱ्याच अंशी चुकवतो. वर्धक मात्रेने प्रतिपिंडे पुन्हा वाढतात आणि गंभीर आजाराचा धोका कमी होतो. संसर्ग मुळीच होणार नाही, अशी हमी तिच्यातून मिळत नाही, हेही स्पष्ट सांगावे. नाहीतर मात्रा घेतलेल्या एखाद्यास सर्दी-ताप आला की साऱ्या वाडीचा विश्वास उडतो.

आपला भाग आडवळणाचा आहे, येथे एवढी चिंता कशाला, असेही काही जण म्हणतात. त्यांनी २०२१ चा जून आठवावा. राज्यात ‘डेल्टा प्लस’ प्रकाराचे २१ रुग्ण आढळल्याचे जाहीर झाले, त्यांपैकी ९ रत्नागिरी जिल्ह्यातील होते.

नियम मध्यंतरी अनेकदा बदलले. त्यामुळे ऑगस्ट २०२२ मध्ये काय लागू होते, ते क्रमाने सांगतो.

वर्धक मात्रा १० जानेवारी २०२२ रोजी सुरू झाली, ती आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठीपुढील नागरिक यांच्यासाठी. १६ मार्चपासून सहव्याधीची अट गेली. साठी ओलांडलेल्या प्रत्येकास ती घेता येऊ लागली. पूर्वी दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिने थांबावे लागे. ६ जुलैपासून ही मुदत सहा महिने, म्हणजे २६ आठवडे झाली. ज्येष्ठांना सरकारी केंद्रात ही मात्रा आरंभापासूनच विनामूल्य होती.

सांभाळ करणाऱ्यांनी पुढील मजकूर विशेष लक्षपूर्वक वाचावा. १८ ते ५९ वयोगटातील व्यक्तींना एप्रिलपासून ही मात्रा खासगी केंद्रात पैसे भरून घ्यावी लागत होती. लशीचे २२५ रुपये आणि सेवाशुल्क जास्तीत जास्त १५० रुपये, असा तो खर्च होता. मग स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त १५ जुलै ते ३० सप्टेंबर २०२२ या काळात त्यांनाही ती सरकारी केंद्रात विनामूल्य ठेवण्यात आली. आजोबांना आंघोळ घालणारी सून, आजीला औषध देणारा मुलगा, दिवसभर सोबत करणारी बाई, हे सारे याच वयोगटातले. ज्येष्ठांच्या सर्वांत जवळ तेच असतात. त्यांची मात्रा ही ज्येष्ठांच्या संरक्षणाचाच भाग समजावी.

लस कोणती घ्यावी? पहिल्या दोन मात्रा ज्या लशीच्या, तीच तिसऱ्या वेळी घेता येत असे. शिवाय कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना १२ ऑगस्टपासून कॉर्बेव्हॅक्सही वर्धक मात्रा म्हणून घेता येऊ लागली. आपल्या केंद्रात कोणत्या दिवशी कोणती लस आहे, याची आधी चौकशी करावी लागे. पावसात हेलपाटा पडावयास नको. ज्यांना नुकताच करोना होऊन गेला होता, त्यांनी बरे झाल्यापासून तीन महिने थांबावे, असा नियम होता.

माहिती एवढीच आहे. ती वर्तमानपत्रांत आली, दूरदर्शनवर आली, भ्रमणध्वनीवरही आली. मग ती आत्यापर्यंत का पोचली नाही?

कोकणातील घरांची रचनाच याला कारण आहे. मुले मुंबईत आणि आईवडील गावी. कोविन संकेतस्थळावर एका क्रमांकावर आधी चार आणि जानेवारी २०२२ पासून सहा व्यक्तींची नोंदणी करता येत असे. सोयीसाठी अनेकांनी आईवडिलांची नावे स्वतःच्या क्रमांकावर नोंदवली. सोय झाली खरी, परंतु आठवण करून देणारा संदेश त्यामुळे परळला, विरारला, डोंबिवलीला जाऊन पडे. ज्यांना तो दिसे, त्यांतील पुष्कळ जण ‘गणपतीला गेल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलत. मात्रेचा पूर्ण परिणाम दिसण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. गणपतीला गेल्यावर पाहिले, तर गर्दीच्या दिवसांत संरक्षण कसे मिळणार?

म्हणून मुंबईकर वाचकांना तेव्हा केलेली विनंती अशी. आज रात्रीच आपल्या भ्रमणध्वनीवर आईवडिलांची, काका-काकूंची प्रमाणपत्रे उघडा. दुसऱ्या मात्रेची तारीख पाहा, त्यात सहा महिने मिळवा आणि दूरध्वनी करून त्यांच्याशी स्वतः बोला. नोंदणीस दिलेला क्रमांक त्यांना कागदावर लिहून घेण्यास सांगा. दुसराच क्रमांक आणि दुसरेच ओळखपत्र घेऊन केंद्रावर गेल्यास तिसरी मात्रा पहिली म्हणून नोंदली जाण्याचा घोळ होत असे. पूर्वीचेच ओळखपत्र आणि पूर्वीचाच क्रमांक, हे दोन्ही बरोबर असावे लागत. आगाऊ वेळ ठरविणे आवश्यक नव्हते. थेट केंद्रावर जाऊनही नोंदणी होत असे.

गावातील वाचकांनाही तेव्हा एक काम होते. आशाताई आणि आरोग्यसेविका घरोघरी फिरतातच. त्यांच्या पायांवर सारा भार टाकू नये. वाडीतील एखाद्या शिकलेल्या मुलीने किंवा निवृत्त शिक्षकांनी एक वही करावी. नाव, दुसऱ्या मात्रेची तारीख, नोंदणीचा क्रमांक कोणाकडे आहे, एवढ्या तीन रकान्यांची. दोन संध्याकाळींत वाडी पूर्ण होते. मग भजनाच्या बैठकीत, बचतगटात, रेशनच्या दुकानावर, मच्छीमारांच्या वस्तीत होड्या परतण्याच्या वेळी निरोप सांगावा. तो तेव्हा असा थोडक्यात असावयास हवा होता:

“दुसरी लस घेऊन ज्यांना सहा महिने झाले, त्यांनी बूस्टर घ्यायचा आहे. सरकारी केंद्रात पैसे लागत नाहीत. अमुक वारी, अमुक ठिकाणी, इतक्या वाजता. आधार कार्ड, जुने प्रमाणपत्र आणि आधी दिलेला मोबाइल नंबर बरोबर आणावा. ज्यांना चालवत नाही, त्यांनी आशाताईंना कळवावे.”

शेवटचे वाक्य गाळू नये. अंथरुणास खिळलेल्यांना घरी जाऊन लस देण्याची तरतूद होती. मात्र असे कोणी आहे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रास कोणीतरी कळवावे लागे.

निरोप सांगताना वाद घालू नये. ‘दुसऱ्या वेळी चार दिवस अंग मोडून आलं होतं’ असे एखादी आजी म्हणाली, तर ते खरेच असते. तिचे म्हणणे ऐकून घ्यावे. मग सांगावे, की दंड दुखणे, अंग मोडणे, थोडा ताप येणे हे एक-दोन दिवसांत सहसा ओसरते. गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या लशीसाठी बंद करू नयेत. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर लस देणाऱ्या परिचारिकेस आधी सांगावे आणि टोचल्यावर जागा थोडा अधिक वेळ दाबून धरावी. लशीनंतर अर्धा तास केंद्रातच बसावे. मागील मात्रेनंतर तीव्र ॲलर्जी झाली असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून पुढची मात्रा घेऊ नये. लशीनंतरच्या काही आठवड्यांत धाप लागणे, छातीत दुखणे, पायावर सूज येणे किंवा डोकेदुखी न थांबणे असे काही झाले, तर अंगावर काढू नये. असे क्वचितच घडते, पण घडल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

आणखी एक सावधगिरी. ‘बूस्टरची नोंदणी करून देतो, आलेला ओटीपी सांगा’ असे दूरध्वनी करून फसवणारे भामटे तेव्हा होते. असा आकडा फोनवर कोणालाही सांगू नये. लस हवी असेल तर केंद्रावर जावे.

योगायोगाने सांगतो. १० जानेवारी हीच तारीख लशीच्या इतिहासात आधीही येऊन गेली आहे. १८९७ साली मुंबईत प्लेगने हाहाकार माजवला असताना वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि त्या दिवशी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. बरोबर १२५ वर्षांनी त्याच तारखेस आपल्याकडे वर्धक मात्रा सुरू झाली. लोकांस सांगण्यापूर्वी स्वतः घ्यावी, ही रीत जुनी आहे. वाडीत निरोप सांगावयास जाणाऱ्याने आपली मात्रा आधी घेतलेली असावी. ‘मी मंगळवारी घेतली, बुधवारी दंड दुखला, गुरुवारी भाताच्या बेणणीला गेले’ हे शेजारणीचे वाक्य माझ्या या साऱ्या लेखाहून अधिक उपयोगी पडेल.

चाकरमान्यांनाही तेव्हा सांगणे होते, की येताना आपली मात्रा घेऊन या. घसा दुखत असेल, अंगात कणकण असेल, तर एक दिवस उशिरा निघा, चाचणी करून घ्या. आणि घरी आलात तरी बरे वाटेपर्यंत वृद्धांजवळ मुखपट्टी लावून बसा. गणपतीला ते चालते.

आत्याला मात्र तेव्हा थांबावे लागणार होते. ती जुलैअखेर बरी झाली. तीन महिने ऑक्टोबरअखेर पुरे होणार होते. या वेळी मी संदेशाच्या भरवशावर राहिलो नाही. तिच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दिवाळीनंतरच्या सोमवारी, ३१ ऑक्टोबर २०२२ च्या चौकोनात, मोठ्या अक्षरांत ‘बूस्टर’ असे लिहून आलो. शेजारच्या मुलीच्या वहीतही ती तारीख होती. आपल्या घरच्या दिनदर्शिकेत कोणाची तारीख लिहावयाची राहिली आहे, ते आज अवश्य पाहावे.