पगार नावाची उधारी

महिना भरल्यावर पगार होतो, याचे आपल्याला नवल वाटत नाही. वाण्याचा हिशेबही महिनाअखेरच होतो. पण वाणी उधारी वहीत मांडून ठेवतो आणि गिऱ्हाईक बुडवणार अशी कुणकुण लागली की माल देणे थांबवतो. कामगाराला ती सोय नाही. तो आधी तीस दिवस राबतो आणि मग पैसे मागतो. म्हणजे तोही कारखान्याला उधारच देत असतो. बिनव्याजी आणि बिनतारण. ग्रॅच्युइटी तर वीस-पंचवीस वर्षांची उधारी.

ही कादंबरीकाराची कल्पना समजू नका. बँकेच्या कागदावर ती स्वच्छ दिसते. मी नोकरीला लागलो त्या काळी खेळत्या भांडवलाचे गणित टंडन समितीच्या १९७५ च्या सूत्राने मांडत. कच्चा माल, तयार माल आणि येणी यांची बेरीज करायची, तीतून व्यापाऱ्यांची व इतर चालू देणी वजा करायची आणि उरलेल्या तुटीपैकी बँकेने किती द्यायचे ते ठरवायचे. त्या 'इतर देण्यां'त द्यायचे राहिलेले पगारही येत. कामगारांचे देणे जितके मोठे, तितकी बँकेच्या पैशाची गरज कमी!

फरक एवढाच, की बँकेचे कर्ज असले म्हणजे गोदामाच्या दारावर पाटी लागते: येथील माल अमुक बँकेकडे तारण. दर महिन्याला मालाचे विवरणपत्र येते, अधिकारी मोजायला जातो. लालबागच्या एका गिरणीत मी असा गाठी मोजत असताना एका म्हाताऱ्या जॉबरने मला ती इंग्रजी पाटी वाचून दाखवायला लावली. अर्थ ऐकून म्हणाला, ''सायेब, माल बँकेचा, जागा शेटची. मग आमची पाटी कुठं लावायची?''

कायद्यालाही हा प्रश्न उशिराच ऐकू आला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस, वेगळ्याच एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कंपनी गुंडाळण्याचा अर्ज आला तर कामगारांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. न्या. भगवती त्या पीठावर होते. तोवर धनको बोलत, भागधारक बोलत. ज्याचे पोट त्या कंपनीवर, तो दाराबाहेर. १९८५ मध्ये कंपनी कायदा बदलला आणि कामगारांची देणी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने आली. कागदावर हे मोठेच पाऊल होते. प्रत्यक्षात आजारी कारखान्यांचे खटले वर्षानुवर्षे रेंगाळले.

२०१६ चा दिवाळखोरी कायदा या रेंगाळण्यावर उपाय म्हणून आला आणि तो हवाच होता. पण त्यात कंपनीचे भवितव्य ठरवते ती धनकोंची समिती, आणि मत असते मुख्यतः कर्ज देणाऱ्यांना. कामगार माल पुरवणाऱ्यांच्या रांगेत. अशा सगळ्यांची देणी एकूण कर्जाच्या दहा टक्के तरी असतील, तर प्रतिनिधीने बैठकीत बसावे; हात वर करू नये. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर कामगाराला चोवीस महिन्यांची थकबाकी बँकेच्या बरोबरीने मिळू शकते. अधिकाऱ्यांना बाराच महिन्यांची, तीही त्यांच्यानंतर.

जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ ला थांबली. पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली. त्यातून प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळवायला कर्मचाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. जानेवारी २०२३ मध्ये ते जिंकले. योजना मात्र उभी राहिलीच नाही आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने कंपनी गुंडाळायला सांगितले. या साडेपाच वर्षांत मुलांच्या फिया आणि घरांचे हप्ते काही थांबले नसतील.

माझे जुने सहकारी म्हणतील, बँकेचा पैसा म्हणजे तरी ठेवीदारांचा, पेन्शनरांचाच ना? खरे आहे. मीही त्यातलाच एक. पण २०१८ साली एक दुरुस्ती झाली, तिचा विचार करा. बिल्डरला हप्ते भरून बसलेल्या फ्लॅटधारकांना त्या दुरुस्तीने कर्ज देणाऱ्यांत बसवले आणि प्रतिनिधीमार्फत मतही दिले. आधी भरलेला हप्ता जर कर्ज ठरतो, तर आधी राबलेला महिना का नाही? थकलेल्या पगाराइतके मत कामगारांना द्यावे, फ्लॅटधारकांसारखेच एका प्रतिनिधीच्या हाती. शंभरात ते दोन-तीनच भरेल, बँका त्याच्यावर सहज मात करतील. तरी समितीचे कागद त्याच्या हाती आधी पडतील, आणि यंत्रे कोणाला, काय भावाने चालली आहेत, हे त्याला वर्तमानपत्रातून कळणार नाही.