दांडीवर किती भार?

बैलगाडीत पोती भरणारा गाडीवान आठवून पाहा. मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे गळे आवळतात. पुढे जास्त झाला तर मानेवर ओझे बसते. म्हणून एखादे पोते वीतभर सरकवून, जू हाताने उचलून पाहून मगच तो बैल जुंपतो. मोटारीमागे जोडावयाच्या प्रवासी ट्रेलरचे गणितही असेच आहे.

चेन्नईतील एका मराठी कुटुंबाला असा ट्रेलर घेऊन महाबलीपुरम् आणि पुढे तंजावर गाठावयाचे आहे. भार विभागणारी जोडणी कोणती घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

समजा, भरलेला ट्रेलर 1500 किलोचा आहे. अमेरिकी प्रघाताप्रमाणे त्याच्या 10 ते 15 टक्के भार पुढच्या दांडीवर असावा. आपण 200 किलो धरू. मोटारीच्या दोन आसांत 2.7 मीटर अंतर असून जोडणीचा गोळा मागील आसापासून 1.2 मीटर मागे असेल, तर मागील आसावर 200 नव्हे, सुमारे 290 किलो भार वाढतो आणि पुढील चाकांवरील 90 किलो कमी होतो. दिशा देणारी चाके हीच! ती हलकी झाली की चक्राला गाडी नीट दाद देत नाही.

भार विभागणाऱ्या जोडणीत स्प्रिंगचे दोन गज असतात. साखळ्यांनी ते ताणले की तरफेप्रमाणे काम करून मागील आसावरचा काही भार पुढील आसावर आणि काही ट्रेलरच्या आसावर ढकलतात. मात्र वजन रतिभरही घटत नाही; मोटारीची ओढण्याची मर्यादा आहे तेवढीच राहते.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी काट्यावर जावे. मोटारीला जोडलेल्या भरल्या ट्रेलरची केवळ चाके काट्यावर घेऊन वजन करावे. मग ट्रेलर सोडवून, दांडी टेकूवर समतल ठेवून पुन्हा करावे. दोहोंतील फरक हा दांडीचा भार. त्यात मोटारीच्या मागील आसामागे ठेवलेल्या सामानाचे वजन मिळवावे आणि त्या बेरजेला पेलणारे गज निवडावेत. दुबळे गज पुढील चाके खाली आणीत नाहीत; फार जाड गज हादरे देतात व सांगाड्यावर ताण आणतात. 'मोठे घ्या, कायमची चिंता मिटेल,' हा विक्रेत्याचा सल्ला म्हणूनच मानू नये. काही मोटार कंपन्या अशी जोडणी वापरण्यास मनाई करतात, तेव्हा मोटारीची पुस्तिका आधी वाचावी. आपल्याकडे ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते, हेही विसरू नये.

राहता राहिले पाणी. चेन्नईच्या गृहिणी प्रवासातही वीस लिटरचे कॅन सोडीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण मोटारीवरचा भार हलका व्हावा म्हणून चार कॅन ट्रेलरच्या शेपटाशी ठेवले, तर गाडी उलाळ झालीच म्हणून समजा. समुद्रकाठच्या रस्त्यावर बाजूने वारा आला किंवा शेजारून मोठी बस गेली की असा ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावू लागतो, आणि वेग अधिक असल्यास मोटारीलाही ओढून नेतो. कॅन ट्रेलरच्या आसावर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत बांधावेत आणि ते जागेवर असतानाच काट्यावर जावे.