गल्ला म्हणजे कमाई नव्हे

परवा शनिवारी मावसभाऊ घरी आला होता. वय सव्वीस, टेस्टिंगची नोकरी आणि डोक्यात पोकर. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा झाला आणि पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद पडलं, तेव्हा वाटलं होतं, चला, सुटला. पण साहेब त्यानंतर दोनदा गोव्याला जाऊन कॅसिनोतल्या टूर्नामेंट खेळून आले. आता वर्षभर नोकरी सोडून फक्त हेच करायचं म्हणतोय. चहा यायच्या आधीच त्याने फोन माझ्यापुढे धरला.

"दादा, हे बघ. ब्रिन केनी. साडेसात कोटी डॉलरच्या वर कमाई! तू जन्मभर कोड लिहून किती कमावशील?"

प्रश्न झोंबला, खोटं कशाला बोला? म्हणून रविवार त्या यादीमागे घालवला.

यादी आहे हेंडन मॉब नावाच्या साइटची. समोरासमोर टेबलावर बसून खेळल्या गेलेल्या टूर्नामेंटमध्ये कोणी किती बक्षिसं घेतली, त्याची बेरीज. केनी त्यात पहिल्या नंबरवर पोचला तो २०१९ मध्ये, लंडनच्या ट्रायटन मिलियन या स्पर्धेमुळे. प्रवेश फी साडेदहा लाख पाउंड (त्यातले पन्नास हजार धर्मादाय), खेळाडू ५४. शेवटी उरलेल्या दोघांनी बक्षीस आपसात वाटून घ्यायचं ठरवलं. तेव्हा केनीकडे चिप्स जास्त होत्या, त्यामुळे स्पर्धा जिंकली एरन झँगने, पण मोठी रक्कम मिळाली दुसऱ्या आलेल्या केनीला. सुमारे १ कोटी ६९ लाख पाउंड! हारून जास्त पैसे. आहे की नाही मजा?

पण माझं डोकं अडकलं ते प्रवेश फीवर. ती या यादीत कुठेच वजा होत नाही.

२०१८ ची लास व्हेगासची 'बिग वन फॉर वन ड्रॉप' घ्या. फी दहा लाख डॉलर, खेळाडू २७. जस्टिन बोनोमो जिंकला, त्याच्या नावावर १ कोटी डॉलर चढले. बक्षिसं पहिल्या पाच जणांनाच होती. बाकीचे २२ जण प्रत्येकी दहा लाख डॉलर घालवून उठले. यादीत त्या दिवसापुरती त्यांची नोंद काय? काहीच नाही. उणे दहा लाख लिहायला तिथे रकानाच नाही!

माझ्या मामाचं किराणा दुकान होतं. दिवाळीत गल्ला भरभरून वाहायचा. तो आम्हा पोरांना नोटा मोजायला द्यायचा आणि वर म्हणायचा, "यातले आपले किती ते होलसेलवाला सांगेल." हेंडन मॉबची यादी म्हणजे नुसता गल्ला आहे. होलसेलवाल्याचं बिल त्यात नाही.

हे मी मत्सरातून बोलतोय असं वाटत असेल तर डॅनिएल नेग्रानूचं ऐका. पोकरमधलं अगदी पहिल्या फळीतलं नाव. त्याने २०१७ चा स्वतःचा हिशेब जाहीर करून टाकला. वर्षभरात बक्षिसं मिळाली सुमारे २८ लाख डॉलर. आणि फी भरून झाल्यावर वर्ष संपलं ८० हजारांहून जास्त तोट्यात. यादीत मात्र ते वर्ष २८ लाखांच्या 'कमाईचं' म्हणूनच उभं आहे.

शिवाय जिंकलेलं सगळं स्वतःचं असतं असंही नाही. मोठी फी एकट्याने भरणं परवडत नाही, म्हणून खेळाडू आपले हिस्से विकतात. २००६ ची वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जेमी गोल्डने ८,७७३ खेळाडूंमधून जिंकली, बक्षीस १ कोटी २० लाख डॉलर. लगेच एक ओळखीचा माणूस कोर्टात गेला, की यातले निम्मे माझे ठरले होते. शेवटी तडजोड झाली. यादीत मात्र पूर्ण रक्कम गोल्डच्याच नावावर आहे.

आता भावाचा आवडता मुद्दा: "पण दादा, हा जुगार नाही, स्किल आहे." मान्य! केनी, बोनोमो, स्टीफन चिडविक हीच नावं पुन्हा पुन्हा वर येतात, ती काही नशिबाने नाही. पण स्किल असलं तरी ते दिसायला किती वेळ लागतो? आपला धंदाच आकडेमोडीचा, म्हणून साधं गणित करून पाहिलं. समजा स्पर्धेत हजार खेळाडू आहेत, सगळं बक्षीस पहिल्यालाच मिळतं, आणि तुम्ही सरासरी खेळाडूच्या दुप्पट चांगले आहात. जिंकायची शक्यता पाचशेत एक. वर्षात शंभर स्पर्धा खेळलात तरी एकही न जिंकण्याची शक्यता ८२ टक्के. पाच वर्षं हेच केलंत तरी ३७ टक्के. खऱ्या स्पर्धेत खालच्या नंबरांनाही थोडं मिळतं, त्यामुळे धक्का जरा कमी बसतो, एवढंच. म्हणजे खरोखर दुप्पट चांगला माणूसही पाच वर्षं रिकाम्या हाताने फिरू शकतो, आणि त्या काळात आपण चांगले आहोत की नाही हे त्याला स्वतःलाही कळत नाही. घरचं भाडं तोपर्यंत कोण भरणार?

माझा विरोध पोकरला नाही. विरोध आहे 'कमाई' या शब्दाला. आणि यात आपण सगळेच आहोत. ऑफिसात मी माझा दुप्पट झालेला एक शेअर दहा जणांना सांगितलाय. बुडालेले तीन बायकोलासुद्धा पूर्ण सांगितलेले नाहीत.

रविवारी रात्री भावाला मेसेज टाकला: "सोड नोकरी, मी मावशीला समजावतो. फक्त आतापर्यंतच्या सगळ्या खेळांचा हिशेब पाठव. दोन रकाने, आले किती आणि गेले किती. गोव्याचं बसभाडं आणि हॉटेल धरून."

अर्ध्या तासाने शीट आली. पहिल्या रकान्यात अकरा आकडे, तारखांसकट, अगदी रुपयापर्यंत बरोबर. दुसरा रकाना कोरा. खाली लिहिलं होतं, "दादा, हे कधी लिहून ठेवलंच नाही रे."

म्हटलं, मग आधी सहा महिने तेवढंच लिही. नोकरीचं त्यानंतर बघू.