वाजविणाऱ्याचे नाव वहीत हवे

लग्नसराई आली की पाथरी, मानवत, सेलू भागातील बँडपथकांना उसंत नसते. वरात दोन-तीन तास चालते. क्लॅरिनेटवाल्याचा दम जातो, ढोलवाल्याच्या खांद्यावर पट्ट्याचे वळ उठतात. सुपारी कितीची ठरली ते मात्र मालकालाच ठाऊक. वाजविणाऱ्याच्या हाती उचल कापून उरेल ते पडते. विचारले तर उत्तर ठरलेले, "यंदा धंद्यात तोटा आहे."

वाचक बंधू-भगिनींनो, हे उत्तर फक्त गरीब वादकालाच ऐकावे लागते असे नाही. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात मिनेसोटा ऑर्केस्ट्रा हा नामांकित वाद्यवृंद आहे. तेथील वादक कायम पगारावरचे, युनियनचे सभासद. तरीही १ ऑक्टोबर २०१२ रोजी व्यवस्थापनाने त्यांच्यावर टाळेबंदी लादली. कारण सांगितले तोट्याचे. मागणी होती मूळ पगारात जवळपास तिसरा हिस्सा कपातीची. त्याच काळात सभागृहाच्या नूतनीकरणावर मात्र सुमारे ५ कोटी डॉलर खर्च होत होते.

पुढे संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्त वर्तमानपत्रात आले आणि पडदा उघडला. सभागृहासाठी सरकारकडे निधी मागायचा म्हणून २००९ व २०१० चे जमाखर्च जुळलेले दिसावेत, आणि २०११ व २०१२ मधील तूट मात्र बदलाची गरज पटवून देईल, असा विचार आधीच झाला होता. संस्थेच्या कायम निधीतून एखाद्या वर्षी जास्त रक्कम काढली की त्या वर्षाची तूट झाकते, कमी काढली की उघडी पडते. आकडा खोटा नसतो, पण तो कधी दाखवायचा हे मालक ठरवतो. म्हणून वादकांनी स्वतंत्र तपासणीची मागणी लावून धरली. स्वतःचे कार्यक्रम स्वतः केले. श्रोतेही संघटना करून त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जानेवारी २०१४ मध्ये समझोता झाला. पगार १५ टक्क्यांनी घटला खरा, पण संस्थेच्या प्रमुखालाही त्याच वर्षी जावे लागले.

आपल्या मुंबईत तर हिशेबाच्या आधी नावाचाच प्रश्न आहे. गोव्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. हिंदी चित्रपटांच्या गाण्यांमागेही त्यांची मोठी मेहनत होती. पण घराघरांत त्यांचे नाव पोचले ते शिष्य प्यारेलाल यांनी संगीत दिलेल्या 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील पात्रामुळे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात सुधारणा झाली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. मात्र चित्रपटात ज्याचे काम किरकोळ धरले जाते आणि धंद्याच्या रिवाजाने ज्याचे नाव पडद्यावर येत नाही, त्याला कायदा मोबदल्याच्या हक्कापुरता कलावंत मानत नाही. नाव नाही, म्हणून हक्क नाही!

ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. गावकीत वाजविणे हे जातीचे काम होते. त्याला ना दर, ना वही. बाबासाहेबांनी ती गावकी सोडायला शिकविले. १९४२ साली मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका परिषदेत समोरासमोर बसविले. मालकाने सांगावे आणि कामगाराने मान हलवावी, हे त्यांना मान्य नव्हते.

आता प्रश्न आपला आहे. १४ एप्रिलला बँड ठरविणारे आपणच असतो. त्या दिवशी मालकाच्या जागी आपण असतो. आमची मंडळांना विनंती आहे : इसार देताना वाजविणाऱ्यांची नावे लिहून घ्या. प्रत्येकाला किती मिळणार ते मालकाकडून सर्वांसमोर वदवून घ्या. शेवटचे पैसे वादकांच्या देखत द्या. आणि मंडळाचा जमाखर्च विहाराच्या फलकावर लावा. आपली वही उघडी असेल तरच दुसऱ्याची वही मागता येते.

जयभीम!