पात्याला दोष देऊ नका

"हल्लीच्या चाकूत पहिल्यासारखं लोखंडच राहिलं नाही," हे रडगाणं आमच्या तासगावकडच्या द्राक्षबागांत मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी सुरुवात केली की डोकंच फिरतं. अहो, लोखंडाचं सोडा. तुम्ही त्या पात्याला काय काय खायला घालता ते बघा की जरा!

आमच्या अण्णांचा घडीचा चाकू गावच्या लोहारानं ट्रकच्या कमानपाट्यातनं घडवून दिलेला. आज तो माझ्या खिशात असतो. दगडावर घासून घासून पातं करंगळीएवढं झालंय, रंगानं काळं पडलंय, पण अंगावर खड्डा म्हणून नाही. आणि माझ्या चुलतभावानं बाजारातनं आणलेला, 'गंजत नाही' म्हणून घेतलेला चकचकीत चाकू दोन छाटण्यांत देवी आल्यासारखा झाला. दुकानदार काय म्हणाला? "टाकून द्या, नवा घ्या." हल्ली सगळ्यावर हाच एक इलाज.

बोर्डोचंच घ्या. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद नि 1 किलो चुना. ते नीट जमलं का बघायला जुनी रीत आहे: घासून लख्ख केलेलं लोखंड त्यात थोडा वेळ धरायचं. तांबूस थर चढला तर मोरचूद अजून मोकळं आहे, फवारलं तर पानं करपतील, चुन्याची निवळी वाढवायची. रीत चांगलीच आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण त्यासाठी एखादा खिळा घ्या, मोडका विळा घ्या! आमचे बहाद्दर खिशातला चाकू काढून बुडवतात, आणि वर "बघा, तांबं चढलं" म्हणून चारचौघांत मिरवतात. ते तांबं फुकट चढत नाही. तांब्याचा कण पात्यावर बसतो तेव्हा लोखंडाचा कण सुटून पाण्यात जातो. पुढं तो तांबडा थर अंगावर राहिला आणि ओल लागली, की त्याच्या शेजारचं लोखंड आणखी जोरात गंजतं. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवायचं नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. बादलीला जे कळतं ते चाकूला का कळू नये?

दुसरं पोटॅशचं. म्युरेट ऑफ पोटॅशच्या वजनात जवळजवळ निम्मं क्लोराइड असतं. मिठाचं सख्खं भावंडच ते. पोतं फाडायचं, चाकू तसाच मिटायचा, घामेजल्या खिशात टाकायचा. स्टेनलेसच्या अंगावर जो पातळ संरक्षक पापुद्रा असतो, तो क्लोराइड ठिकठिकाणी फोडतं आणि तिथं खड्डे पडतात. गंजत नाही म्हणजे लवकर गंजत नाही, एवढंच.

मग गंज काढायला काय, तर संडास धुवायचं ॲसिड! ते गंज खातं आणि मग पातंही खातं. ती बाटली बुचासकट हत्यारांच्या फळीवर ठेवली तरी तिच्या वाफेनं कात्र्या, पाने, सगळं तांबारतं. तिची जागा वेगळी करा.

एरवी चाकूचं करायचं ते काही फार नाही. काम झालं की साध्या पाण्यानं धुवा, सांध्यातनंही पाणी जाऊ द्या, फडक्यानं कोरडा करा, थोडा वेळ उघडा ठेवा, मग पात्याला खोबरेलाचं बोट. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. जवसाचं तेल नको, ते वाळून चिकटतं.

पण माझं भांडण नुसत्या पात्यासाठी नाही. आपण विषाला 'औषध' म्हणतो तिथंच घोळ झालाय. ज्या चाकूनं कीटकनाशकाचं पाकीट फाडलं, त्याच चाकूनं बांधावर बसून पोराला पेरूची फोड कापून देणारे बाप मी डोळ्यांनी बघितलेत. हात धुतला असेल, चाकू धोतराला पुसला असेल. पण सांध्यातल्या घाणीत आणि त्या खड्ड्यांत काय अडकलंय ते पुसून निघतं होय? पात्याला खड्डे पडले की आपण हळहळतो, आणि त्याच पात्यानं कापलेली फोड पोराच्या हातावर ठेवताना आपल्याला काही वाटत नाही.

म्हणून आमच्या घरात औषधाचा चाकू वेगळा. मुठीला लाल चिंधी बांधलेली, फवारणीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला. तो घरात येत नाही, खायच्या वस्तूला लागत नाही. अण्णांचा चाकू कांद्याला, पेरूला, फार तर सुतळीला. हे सांगितलं की पारावरची मंडळी हसतात. "दोन-दोन चाकू कोण सांभाळणार, भाऊ?" म्हणतात.

म्हणणाऱ्याच्या बंडीच्या दोन खिशांत दोन मोबाइल असतात.