सावित्रीवरचा पूल

मुलांनो, एक जुनं पोस्टकार्ड घ्या. दोन जाड पुस्तकांवर ते आडवं ठेवा आणि मधोमध चार नाणी ठेवा. वाकलं ना? आता तेच कार्ड कमानीसारखं वाकवून दोन पुस्तकांच्या मध्ये घट्ट बसवा आणि नाणी हळूच वर ठेवा. या वेळी कार्ड भार पेलतं! कारण नाण्यांचा भार कमानीवरून दोन्ही बाजूंना घसरत पुस्तकांवर जातो.

आपले जुने दगडी पूल असेच उभे राहिले. आधी लाकडी सांगाडा उभारायचा, त्यावर पाचरीसारखे घडवलेले दगड दोन्हीकडून रचत यायचं. मधला शेवटचा दगड बसला की सांगाडा काढला तरी कमान पडत नाही. वरून भार येतो तसे दगड एकमेकांना अधिकच घट्ट दाबतात. आहे की नाही गंमत?

रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवर असाच एक कमानींचा पूल होता. बांधला 1928 साली, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर वर्षभराने. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. तिथला धो धो पाऊस घेऊन ती उतरते, त्यामुळे पावसाळ्यात तिचं रूप भयंकर असतं. तरी या पुलाने अठ्ठ्याऐंशी वर्षं मुंबई-गोवा रस्त्याची वाहतूक पेलली.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मोठ्या पुरात तो कोसळला. अंधारात कुणाला कळलंच नाही. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या आणि आणखी काही वाहनं नदीत गेली. कितीतरी घरांतली माणसं परत आली नाहीत. गढूळ पाण्यात गाड्या शोधायला क्रेनला 300 किलोचा लोहचुंबक बांधून सोडावा लागला. पुढे जून 2017 मध्ये तिथे नवा पूल सुरू झाला.

याच पुलाची तपासणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती, आणि तो वाहतुकीला योग्य आहे असं ठरलं होतं! हे वाचून मला तरी राग येतो. आईबाबांनाही विचारा, त्यांना काय वाटतं.

आता पुन्हा आपल्या पोस्टकार्डाकडे. नाणी तशीच राहू द्या, फक्त एक पुस्तक बोटभर बाहेर सरकवा. पाहिलंत? कार्ड फाटलं नाही, नाणी वाढली नाहीत, तरी कमान बसली. म्हणून जुन्या पुलाचे पाय पाहायचे असतात. पुराचं पाणी खांबाच्या तळाशी भोवरे करतं आणि तिथली माती-वाळू उकरून नेतं. वर रस्ता मात्र छान दिसत असतो!

एप्रिल-मेमध्ये नदी आटली, की घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन गावच्या पुलाखाली जा. कमानी मोजा. दगडांतून झाडं उगवली आहेत का, खांबाच्या मुळाशी खड्डा पडला आहे का, ते बघा आणि चित्र काढून पाठवा. खड्डा दिसला तर ते चित्र आधी ग्रामपंचायतीत द्यायचं, मग आमच्याकडे.